शेतातल्या पाइपांतून एलव्हीएम-३ : १:१०० स्केल मॉडेल (सेलू, जि. परभणी)

दुधनाकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

सेलूत आमचं पाइप आणि ठिबकचं दुकान आहे. दिवसभर तोंडात हेच आकडे: बत्तीस, चाळीस, पन्नास, त्रेसष्ट, पंचाहत्तर. गिऱ्हाईक बोटांचं कडं करून दाखवतं आणि आपण त्यावरून माप ओळखायचं.

२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६:०४ वाजता चांद्रयान-३ चं विक्रम लँडर चंद्रावर टेकलं तेव्हा मी दुकानातच होतो. आठवत असेल, देशातला १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. सोयाबीननं माना टाकल्या होत्या, तुषारच्या पाइपांना गर्दी होती. पण त्या दहा मिनिटांत कुणी भाव विचारला नाही. काउंटरवर एक मोबाइल, भोवती सात-आठ माणसं. उतरल्याचं कळलं तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

त्या रात्री, ज्या रॉकेटनं यान नेलं त्या एलव्हीएम-३ ची मापं वाचत बसलो. मधल्या गाभ्याचा व्यास ४ मीटर. बाजूच्या दोन बूस्टरचा ३.२ मीटर. वरच्या उष्णता-कवचाचा ५ मीटर. मी परत वाचलं. शंभरनं भागलं तर ४० मिलिमीटर, ३२ मिलिमीटर, ५० मिलिमीटर. तिन्ही पाइप माझ्या डाव्या हाताच्या रॅकवर उभे होते.

आयएसआय शिक्क्याच्या पीव्हीसी पाइपाचं माप बाहेरच्या व्यासाचं असतं, म्हणून हे असं तंतोतंत जमतं. आतलं माप जाडीप्रमाणे बदलतं, बाहेरचं नाही.

तेव्हापासून तीन मॉडेलं केली. पहिली दोन फसली, तिसरं बरं झालंय, फोटो जोडलाय. नवीन करणाऱ्यांसाठी मापं लिहून ठेवतो. एस-२०० बूस्टर २६.२ सेंमी, दोन नग, ३२ चा पाइप. एल-११० गाभा २१.४ सेंमी आणि त्यावरचा सी-२५ टप्पा साडेतेरा सेंमी, दोन्ही ४० चा पाइप. पूर्ण उंची ४३.५ सेंमी. लांब्यांची नुसती बेरीज करू नका, माझं पहिलं मॉडेल त्यातच फसलं. वरच्या टप्प्याचं नोझल (आग बाहेर टाकणारं तोंड) खालच्या जोडभागात दडलेलं असतं. त्यामुळं एकूण उंची पक्की धरायची आणि आतलं तिच्यात बसवायचं.

४० वर ५० बसवताना दुकानातला रिड्यूसर (दोन मापांचे पाइप जोडणारा तुकडा) लावायचा मोह होतो. लावू नका. त्याची आतली बाजू पन्नासची, बाहेरून तो पंचावन्नच्या पुढं जातो आणि रॉकेट गळ्याला सुजल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा ४० च्या पाइपाला फेविकॉल लावलेली कागदी पट्टी गुंडाळत जा, ५० चा तुकडा वर घट्ट सरकेपर्यंत. पाइप सरळ कापायचा तर त्याच्याभोवती कागद गुंडाळा, कागदाची कड कडेवर आणा, त्या रेषेवर पेन फिरवा आणि मग हेक्सा ब्लेड लावा. करवत एकाच जागी दाबायची नाही, पाइप फिरवत राहायचा.

आता माझी अडचण. टोकाचा निमुळता भाग आणि खालची नोझलं. कुणी केलंय का?

गुरुजी_उदगीर | १० नोव्हेंबर, सकाळी ६:४५

फार आनंद झाला वाचून. मी निवृत्त विज्ञान शिक्षक, एकतीस वर्षं फळ्यावर रॉकेट काढलं, पण मापाचं असं कधी सुचलं नाही.

टोकासाठी लाकडी भोवरा बघा. खरादावर काढलेला असतो, त्यामुळं चारी बाजूंनी सारखा गोल. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत तऱ्हेतऱ्हेच्या आकाराचे मिळतात. जाताना ५० च्या पाइपाचा तुकडा खिशात ठेवा आणि त्यावर टेकवून बघूनच घ्या. आर काढून टाकायची, भोक लांबीनं (पुट्टीनं) भरायचं.

माझं मॉडेल सोव्हिएत सोयूझ यानाचं आहे. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला सोयूझ टी-११ मधून गेले तेव्हा मी बी.एड.ला होतो. सोयूझच्या उतरणाऱ्या कोठडीचा व्यास २.२ मीटर. १:२० केलं की ११ सेंमी, म्हणजे चांगल्या मोठ्या नारळाची करवंटी. वरचा निमुळता भाग कागदाच्या लगद्याचा. वातावरणातून येताना यान बाहेरून करपतं, त्यामुळं करवंटीचा मूळ तपकिरी रंग तसाच ठेवला, वर थोडी काजळी चोळली.

यात एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. गेले ते टी-११ मधून, पण ११ एप्रिलला परतले ते टी-१० मधून. सॅल्यूट-७ स्थानकावर आधीच्या मंडळींचं यान लागलेलं होतं, ते घेऊन हे आले आणि नवीन यान त्यांच्यासाठी ठेवलं. म्हणून करपलेली कोठडी केली तर तिच्या पाटीवर टी-१० लिहायचं.

छकुलीची_आई | १० नोव्हेंबर, दुपारी २:१०

नमस्कार दादा, नमस्कार गुरुजी. मी जालन्याची. मुलगी सातवीत आहे, तिनं विक्रम लँडर केलं होतं १:२० मध्ये. खरं लँडर २ मीटर बाय २ मीटर, म्हणून आमचं १० सेंमी. प्रज्ञान रोव्हर ९१.७ सेंमी लांब, ते साडेचार सेंमीच्या थोडं वर आलं.

सगळं तिनं हातानं केलं. आधी आम्ही आराखडा कार्डशीटवर छापून आणला, तर चारही बाजू जुळेनात. पाया १० सेंमीचा हवा तो ९.७ भरला. तिला वाटलं आपलंच कापताना चुकलं. तीन दिवस परत परत कापत होती. मग लक्षात आलं की झेरॉक्सच्या दुकानात छापतानाच पान बसवायला आकार कमी केला गेला होता. दुसऱ्यांदा थर्माकोलचा चंद्र केला आणि त्यावर स्प्रे मारला, तर थर्माकोल बघता बघता विरघळलं. तरी तिनं सोडलं नाही. पुठ्ठ्यावर शाडू थापून नवीन चंद्र केला.

आणि प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "हे चालतं का?" नाही म्हटल्यावर पुढच्या टेबलावर गेले. शेरा आला: वर्किंग मॉडेल नाही. घरी येऊन तिनं ते कपाटावर ठेवलं आणि तोंड फिरवलं. आता तालुक्याच्या प्रदर्शनात तिला परत उभं करायचंय. तुमचं रॉकेट दाखवलं तर तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "आई, यालापण नाही म्हणतील का?"

दुधनाकाठ | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

ताई, लेकीला सांगा, ९.७ भरलं हे तिनं मोजून पकडलं ना, तिथंच ती अर्ध्या बाजारापेक्षा पुढं गेली. छापायच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बरोबर १० सेंमीची रेघ काढून ठेवायची. छापून झालं की आधी रेघ मोजायची, मग कात्री.

स्प्रेच्या आत जे पातळ करणारं द्रव्य असतं ते थर्माकोल खातं. आधी फेविकॉलचे दोन हात देऊन वाळवलं की वाचतं, पण तिनं शाडू वापरली ते उत्तम.

बीड_ते_भोसरी | ११ नोव्हेंबर, रात्री ११:०५

गाव माझं बीड तालुक्यात, कामाला भोसरीत, साच्यांच्या कारखान्यात. दादा, नोझल मी थ्रीडी प्रिंटरवर काढलीत. एस-२०० ला एकेक, एल-११० ला विकास इंजिनाची दोन, सी-२५ ला एक, पण ती आत दडलेली असल्यामुळं काढली नाही तरी चालतं.

एक सांगून ठेवतो. पीएलए नावाचा जो साधा धागा प्रिंटरला लागतो तो साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. मे महिन्यात गावी नेताना मॉडेल गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलं होतं. पाडळशिंगीच्या पुढं चहाला थांबलो, अर्ध्या तासानं बघतो तर नोझलं मेणबत्तीसारखी वाकलेली. पत्र्याच्या खोलीतपण हेच होणार. मराठवाड्यात ठेवायचं असेल तर पीईटीजी किंवा एबीएसमध्ये काढा, नाहीतर सरळ कार्डशीटची करा.

आणि तुमच्या फोटोत खाली कापसाचा धूर लावलाय, मधल्या गाभ्याखालीसुद्धा. तिथं नको. उड्डाणाच्या वेळी एल-११० पेटलेलाच नसतो. जमिनीवरून उचलतात ते फक्त दोन एस-२००. गाभ्याची इंजिनं जवळजवळ दोन मिनिटांनी, हवेत असताना सुरू होतात, तेव्हा बूस्टरपण जळतच असतात. त्यामुळं तळावरचं दृश्य करायचं तर आग दोनच ठिकाणी आणि मधली नोझलं स्वच्छ.

दुधनाकाठ | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

हे माहीत असूनसुद्धा कापूस लावताना हात तिकडं गेला. काल रात्रीच काढला. आता मधली दोन नोझलं मोकळी दिसतात आणि खरंच सांगतो, एवढं मोठं धूड दोन काठ्यांच्या जोरावर उठतं हे पहिल्यांदा डोळ्यांना कळलं.

काळा_पाषाण | १२ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

मी लातूरला भूशास्त्र शिकवते. रॉकेटाचं मला कळत नाही, पण छकुलीच्या आईंनी चंद्राची जमीन म्हटली म्हणून लिहिते.

अपोलो-११ चं दृश्य करायचं असेल तर आपल्यासारखं नशीबवान कुणी नाही. ते उतरले 'शांततेचा सागर' नावाच्या चंद्रावरच्या मैदानात, तिथली जमीन बेसॉल्टची. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्टच आहे. खडी क्रशरवरची कच आणा, मैद्याच्या चाळणीतून चाळा, मग मलमलच्या फडक्यातून गाळा. जी काळपट करडी भुकटी खाली पडते ती सागरातल्या मातीच्या रंगाला फार जवळ जाते. लोणारचं विवरसुद्धा याच बेसॉल्टात झालेलं, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे तिथं येतात.

पण विक्रमखाली ही भुकटी घातली तर चूक होईल. विक्रम उतरला ते शिवशक्ती स्थळ ६९ अंश दक्षिणेला, उंचवट्याच्या प्रदेशात आहे. प्रज्ञाननं तिथल्या मातीची तपासणी केली, तिची घडण अॅनॉर्थोसाइट जातीच्या खडकाशी जुळणारी निघाली. तो फिक्या रंगाचा खडक. इस्रोनं लँडरच्या चाचण्यांसाठी नकली चंद्रमाती केली तीही तमिळनाडूत सेलमजवळच्या सित्तमपुंडीच्या अॅनॉर्थोसाइटची, दख्खनच्या बेसॉल्टची नाही. म्हणून आपली कच थोडी आणि पांढरी रांगोळी जास्त असं मिसळा. मी तीनास एक घेतलं, तुम्ही फोटोशेजारी धरून ठरवा.

दुसरं म्हणजे उजेड. त्या अक्षांशावर सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून २१ अंशांच्या वर फारसा जात नाही, आणि हवा नसल्यामुळं सावलीत उजेड पाझरत नाही. खोलीतले दिवे बंद करा, एकच टॉर्च बाजूनं अगदी खाली धरा. सावल्या उंचीच्या अडीच-तीन पट लांब पडायला हव्यात. वरून ट्यूबलाइट असली की कितीही मेहनत घ्या, ते टेबलच दिसतं.

मेणकाम | १३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

नांदेड. दातांच्या लॅबमध्ये काम करते, मेणात दात कोरणं हा रोजचा धंदा. रिकाम्या वेळात अंतराळवीर कोरते, १:१२ मध्ये. म्हणजे पावणेसहा फुटी माणूस साधारण साडेचौदा सेंमी.

लोक माणूस करतात आणि वर सूट चढवतात. मी आधी सूट बघते, कारण सूटच माणसाला उभं करतो. रशियन सोकोल सूट हा आसनात पाय पोटाशी घेऊन बसण्यासाठी शिवलेला असतो. त्यामुळं तो घालून चालणारा माणूस कमरेत वाकलेलाच दिसतो. राकेश शर्मांना छाती काढून ताठ उभं केलं तर सूट खोटा पडतो. चंद्रावरच्या अपोलोच्या माणसाचं वेगळं. त्याच्या पाठीवर प्राणवायूचा मोठा संच, तोल सांभाळायला तो पुढं झुकतो. डोक्यावर घागर घेतलेलं माणूस नव्हे, पाठीवर पोतं घेतलेला हमाल आठवा, तीच पाठ. मोंढ्यात जाऊन मी अर्धा दिवस नुसत्या पाठी बघत बसले होते.

शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला निघाले तो सूट यांहून निराळा, अंगाला बसलेला, शिवणी सरळ रेषेत. तो अजून माझ्या हाताला वश झालेला नाही. गुडघ्याजवळच्या वळ्या कोरताना दरवेळी जुना सोकोलच उतरतो.

काचेबद्दल सांगते. दातांचे पारदर्शक ट्रे करायला आमच्याकडं एक यंत्र असतं, ते पारदर्शक पत्रा गरम करून साच्यावर ओढून घेतं. त्यावर मी शिरस्त्राणाची काच ओढते. साचा म्हणून साधी काचेची गोटी. काच चिकटवायला फेविक्विक कधीही नको. त्याची वाफ आतल्या बाजूला पांढरी बुरशी आल्यासारखी बसते आणि ती निघत नाही. माझा पहिला ऑल्ड्रिन असाच आंधळा झाला, दोन महिन्यांचं काम होतं. फेविकॉलचा सुईच्या टोकाएवढा थेंब पुरतो.

ऑल्ड्रिनच का, तर अपोलो-११ च्या चंद्रावरच्या फोटोंत बहुतेक ठिकाणी तोच आहे. कॅमेरा बराच वेळ आर्मस्ट्राँगच्या हातात होता. त्या प्रसिद्ध फोटोत आर्मस्ट्राँग दिसतो तो ऑल्ड्रिनच्या सोनेरी काचेतल्या प्रतिबिंबात. ते प्रतिबिंब शून्य नंबरच्या ब्रशनं काढायचा प्रयत्न चालू आहे. पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, खाली सावलीची एक रेघ. ठिपका जरा मोठा झाला की सगळं पुसून परत.

छकुलीची_आई | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:००

ताई, तुमचं वाचून मुलगी म्हणाली, "मी पण पाठी बघणार." लँडरच्या सोनेरी कागदाबद्दल विचारायचं होतं. आम्ही मिठाईच्या डब्यातला सोनेरी कागद लावला, तो फार चकाकतो, लग्नातल्या सजावटीसारखा दिसतो.

बीड_ते_भोसरी | १४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

ताई, ते मुळात सोनं नसतंच. कॅप्टॉन नावाची मधाच्या रंगाची पातळ फिल्म असते, तिच्या मागच्या अंगाला अॅल्युमिनियमचा मुलामा. मागची चांदी पुढच्या मधातून दिसते म्हणून सोनेरी वाटतं. हीच फिल्म चिकटपट्टीच्या रूपात मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं असते, तो तिला हीट टेप म्हणतो. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल घ्या, मुठीत चुरगाळून परत उलगडा, वर ही टेप लावा. यानावर जे असतं तेच तुमच्या टेबलावर तयार होतं. ताणून लावू नका. खऱ्या यानावर ती गोधडीसारखी थरांची असते, सैल, ठिकठिकाणी फुगलेली.

पाणचक्की | १५ नोव्हेंबर, दुपारी १:२५

छत्रपती संभाजीनगर. तेवीस वर्षं प्लास्टिकची किटं बांधतोय, त्यामुळं थोडं विरोधी लिहितो, राग मानू नये. पाइपाचा व्यास जुळला म्हणून स्केल मॉडेल होत नाही. पृष्ठभागावरचे नळ, तारांचे उंचवटे, जोडपट्ट्या, झाकणं यांत मॉडेलचा जीव असतो. गुळगुळीत नळकांडं हे चित्र झालं. माझ्या १:१४४ च्या सॅटर्न-५ वर (अपोलोला चंद्राकडं नेणारं रॉकेट), उंची ७७ सेंमी, दोन पावसाळे गेले आणि त्यातला बराचसा वेळ पहिल्या टप्प्यावरच्या उभ्या पन्हळींवर.

तरी एक कबूल करतो. किट विकत घेतलं म्हणजे खरेपणा विकत मिळतो असंही नाही. सॅटर्न-५ च्या अनेक जुन्या किटांत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी उडालेल्या रॉकेटांची नाही, ५००-एफ या नमुन्याची आहे. तो नमुना तळाच्या जुळवाजुळवीसाठी होता, कधी उडालाच नाही. मी किटातली सूचनापत्रिका बघून रंगवलं, मग फोटो बघितले आणि सगळं घासून परत रंगवलं. तेव्हापासून पत्रिकेवर नाही, ज्या मोहिमेचं मॉडेल त्याच मोहिमेच्या फोटोवर विश्वास.

दुधनाकाठ | १५ नोव्हेंबर, रात्री १०:१०

राग कशाचा साहेब, बरोबर बोललात. एस-२०० हा एकसलग नाही, तुकड्यांचा जोडलेला आहे, आणि माझ्या पाइपावर एकही जोड दिसत नाही. आता जोडाच्या जागी शिवणाच्या दोऱ्याचा एकेक वेढा देऊन त्यावर प्रायमर मारून बघतो. बारीक नळांसाठी ठिबकची मायक्रोट्यूबपण जाड पडते. वायरिंगमधली तांब्याची तार जमेल असं वाटतं.

तुमच्या सॅटर्नसाठी पाइप शोधला. व्यास १०.१ मीटर, म्हणजे १:१०० ला १०१ मिमी. असा पाइप आपल्याकडं येत नाही. ११० चा घेतला तर स्केल १:९२ च्या आसपास पडतं, उंची एक मीटर वीस. मग तिसरा टप्पा ६.६ मीटरचा, तो ७२ मिमी हवा, मिळतो ७५. तीन मिलिमीटरची ही लबाडी माझ्या मनाला पटत नाही. एलव्हीएम-३ चं मात्र तिन्ही ठिकाणी जमतं, म्हणून त्याच्यावर जीव जडला.

रंगाबद्दल राहिलं होतं. पीव्हीसीवर रंग धरत नाही, आधी २२० चा पॉलिश पेपर, मग ४०० चा पाण्यात भिजवून. पाण्यात घासलं की भुकटी उडत नाही, ती नाकात जाऊ द्यायची नाही. ऊन चढल्यावर स्प्रे मारला की रंग हवेतच वाळतो आणि पाइपावर रवा शिंपडल्यासारखा बसतो. पहाटे मारा. पावसाळी हवेत मॅट वार्निश दुधाळ होतं, तेव्हा त्या दिवसांत नकोच.

गुरुजी_उदगीर | १६ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

छकुलीच्या आईंचा प्रश्न मनात घोळत होता: हे चालतं का? काल रात्री एक हिशेब केला, तो इथं मांडतो.

लांबी शंभरानं कमी झाली की घनफळ कितीनं कमी होतं? शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, दहा लाखांनी. उड्डाणावेळी एलव्हीएम-३ चं वजन ६४० टन, म्हणजे ६,४०,००० किलो. त्याला दहा लाखांनी भागा. ६४० ग्रॅम.

म्हणजे हे मॉडेल नुसतं मापात नाही, वजनातही खरं करता येतं. पाइपात वाळू भरायची. किती, ते नावातच आहे. एस म्हणजे घन इंधन, दोनशे टन. एल म्हणजे द्रव, एकशेदहा. सी म्हणजे अतिशीत, पंचवीस. ही नावं त्या-त्या टप्प्यातल्या इंधनाच्या टनांवरून पडलेली, प्रत्यक्षात आता थोडं जास्तच भरतात. आपल्या मॉडेलात टनाचा झाला ग्रॅम. दोन्ही बूस्टरमध्ये दोनशे-दोनशेच्या वर, गाभ्यात एकशेदहाच्या वर, वरच्या टप्प्यात पंचवीस-तीस, आणि उरलेलं वजन पाइपाचं. बूस्टर काढता-घालता येतील असे ठेवा.

मग परीक्षकांच्या हातात एक एस-२०० द्या आणि दुसऱ्या हातात सी-२५. चांद्रयानाला पृथ्वीभोवतीच्या कक्षेत सोडणारा रॉकेटाचा शेवटचा धक्का त्या हलक्या हातातला. आणि तेवढं वर नेऊन ठेवायला किती इंधन खालीच जाळावं लागतं ते जड हातात. पोरीनं एक शब्द बोलायची गरज नाही. एकतीस वर्षं मी हे फळ्यावर टनांत लिहीत होतो आणि मुलं वहीत उतरवत होती. त्यांच्या हातात कधी दिलं नाही, याचं आज वाईट वाटतंय.

पाणचक्की | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

गुरुजी, तेवीस वर्षांत मी एकाही मॉडेलचं वजन केलं नव्हतं. आत्ता सॅटर्न काट्यावर ठेवून आलो. आतून पोकळ आहे, स्केलप्रमाणे फारच हलकं. आता ते उचलताना हाताला खटकत राहणार.

दुधनाकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

गुरुजी, दुकान बंद करून आज वाळू चाळली. ३२ च्या पाइपात सव्वीस सेंमीला वाळू आरामात मावते, वर जागा उरते. उरलेल्या जागेत कापूस दाबा, नाहीतर हलवल्यावर खुळखुळा वाजतो. वाळू ओली नको, तव्यावर भाजून घ्या. टोपणाला सोल्युशन लावू नका, परत उघडता यायला हवं.

छकुलीची_आई | ७ डिसेंबर, रात्री ८:४०

उशीर झाला, शाळेच्या परीक्षा होत्या. दादांनी तीन पाइपांचे तुकडे एसटीच्या पार्सलनं पाठवले, पैसे घेतले नाहीत. टोकाचा भोवरा गुरुजींचा. रंग पहाटे पाच वाजता गच्चीवर दिला, मुलगी स्वेटर घालून उभी होती. तिरंगा तिनं कागदावर रंगवून चिकटवला, तीनास दोनच्या प्रमाणात, बारा मिलिमीटर बाय आठ. अशोकचक्रात चोवीस आरे येईनात म्हणून रडली, मग नुसतं निळं वर्तुळ ठेवलं.

काल किराणा दुकानात काट्यावर ठेवलं. ६३४ भरलं. दुकानदार म्हणाले, झालं की, सहा ग्रॅमनं काय होतंय. ती म्हणाली, सहा टन कमी आहेत काका. त्यांनीच मग वाटीत वाळू घेतली आणि चिमटीनं टाकत गेले, दोन्ही बूस्टरमध्ये सारखी, ती आकडा बघत होती. रांगेतली माणसं थांबली होती, कुणी घाई केली नाही. ६४० आल्यावर तिनं काट्याचा फोटो काढला, तो इथं जोडते.

लँडरपण कपाटावरून खाली आलंय. हीट टेप लावली, खाली रांगोळी आणि कच. टॉर्च बाजूनं धरल्यावर तिनं मला बोलावून नेलं आणि बराच वेळ दोघी अंधारात बसून होतो.

तालुक्याचं प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे. तिला आता रॉकेटाशेजारी एक माणूस उभा करायचाय, म्हणजे बघणाऱ्याला उंची कळेल. १:१०० ला १७ मिलिमीटर येतो. तिनं मेणबत्तीचा केला, पण हात तुटतात. मेणकाम ताई, एवढा लहान माणूस जमेल का?

मेणकाम | ७ डिसेंबर, रात्री ९:०२

जमेल. आमचं मेण मेणबत्तीपेक्षा कडक असतं, शिवाय हाताच्या आत बारीक तार घालीन. सतरा मिलिमीटर म्हणजे समोरच्या दोन दातांएवढा. तो रॉकेटाकडं बघत उभा हवाय की काम करत चालणारा, तेवढं तिला विचारून सांगा. मान त्याप्रमाणे कोरावी लागेल.